आवाजाआधी चेहरा

"ऐकू येतंय, पण समजत नाही." कान तपासायला येणारी वयस्कर माणसं हे वाक्य हमखास सांगतात. त्यामागचं कारण साधं आहे. वय वाढतं तशा अंतर्कर्णातल्या बारीक केसपेशी झिजतात आणि आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते बरेच दिवस शाबूत राहतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीतली, ती निसटतात. समोरचा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. मी मिरजेत श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते, आणि घरच्यांना हे समजावून सांगणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. "आजोबा मुद्दाम करतात, त्यांना हवं तेवढंच ऐकतात" असं म्हणणाऱ्या सुनेला आणि मुलाला मी ऑडिओग्रामवरची, म्हणजे ऐकण्याच्या आलेखावरची, उजवीकडे घसरत गेलेली रेघ दाखवते.

पण ऐकू येऊन न समजण्याचं आणखी एक कारण मला रोज दिसतं, आणि ते कुठल्याही ऑडिओग्राममध्ये उमटत नाही. ते कारण म्हणजे माझा चेहरा.

माझे वडील नेपाळच्या पाल्पा जिल्ह्यातले, मगर समाजाचे. तरुणपणी गावच्या एका माणसाबरोबर ते मिरजेला आले आणि रात्रीच्या गस्तीचं काम करू लागले. काठी, शिट्टी, डोक्याला कानटोपी. महिना संपला की लक्ष्मी मार्केटच्या आसपासच्या दुकानांतून पैसे गोळा करायचे. आई लग्नानंतर आली. मी मिरजेतच जन्मले, नगरपालिकेच्या शाळेत मराठीतून शिकले. घरात नेपाळी आणि उंबऱ्याबाहेर मराठी. तीही इथलीच, ‘काय की’ आणि ‘येतूयास न्हवं’ म्हणणारी. पाढे मला मराठीतच येतात. नेपाळीत मी अजूनही अडखळते, आणि पाल्प्याच्या नातेवाइकांना माझं नेपाळी ऐकून हसू येतं. चेहरा मात्र आईवडिलांचा आहे, आणि तो पाहून मिरजेत कुणीही मला मिरजेची समजत नाही.

जत तालुक्यातल्या एक आजी नातवाबरोबर आल्या होत्या. नऊवारी, कपाळावर ठसठशीत गोंदण, सगळं आयुष्य एका गावात गेलेलं. मी समोर बसून, चेहऱ्यावर उजेड येईल अशा बेताने, सावकाश विचारलं, "आजी, कुठल्या कानानं कमी ऐकू येतंय?" त्या माझ्या तोंडाकडे एकटक बघत राहिल्या. मी तेच पुन्हा विचारलं. त्या नातवाकडे वळल्या. "ह्या बाईला मराठीत बोलाय सांग की रं. मला हिंदी न्हाई कळत."

"आजी, त्या मराठीतच बोलत्यात," नातू म्हणाला. त्याला ओशाळल्यासारखं झालं होतं.

"न्हाई रं," आजी ठामपणे म्हणाल्या.

कानात मळ आहे का ते बघायला मी ऑटोस्कोप घेऊन त्यांच्या खुर्चीमागे गेले. कानाशी न वाकता, मघाच्याच आवाजात विचारलं, "आजी, कानात काडीबिडी घालता का?"

"काडी न्हाई बाई. कवातरी कोमट त्याल घालती," त्यांनी लगेच उत्तर दिलं.

माझा व्यवसाय ज्याला ठाऊक आहे त्याला यातली उलटी गोष्ट ताबडतोब लक्षात येईल. कमी ऐकू येणारा माणूस डोळ्यांनी ऐकतो. ओठ, जीभ, जबडा यांच्या हालचालींवरून तो निसटलेली व्यंजनं भरून काढतो. धडधाकट कानांचा माणूसही हे करतो, त्याला फक्त ते जाणवत नाही. 1976 मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी दाखवून दिलं होतं की कानावर ‘बा’ पडत असताना पडद्यावरचे ओठ ‘गा’ म्हणत असतील, तर बहुतेकांना ‘दा’ ऐकू येतं. म्हणून आम्ही घरच्यांना सांगतो, पाठीमागून बोलू नका, स्वयंपाकघरातून हाका मारू नका, समोर या, चेहरा दिसू द्या. त्या आजींना मात्र चेहरा दिसताना माझं बोलणं कळलं नाही आणि पाठीमागून कळलं. ओठांची जी मदत व्हायला हवी होती, तिच्यापेक्षा चेहऱ्याचा अडथळा मोठा ठरला.

अशा आजी एकट्या त्याच नव्हेत. नंतर मी मुद्दाम लक्ष ठेवू लागले. सगळ्यांचं असं होत नाही. शहरात राहिलेल्या, नाना प्रकारच्या माणसांत वावरलेल्या वृद्धांचं कमी होतं. ज्यांना हिंदी थोडीफार येते ते माझ्या मराठीला हिंदी समजून तिचा अर्थ लावू बघतात आणि दोन्हीकडून अडकतात. अथणीकडून येणाऱ्या कन्नड आजोबांचं मात्र फारसं काही अडत नाही. त्यांना माझ्याकडून परकी भाषाच अपेक्षित असते आणि मराठी त्यांच्या कानाला सवयीची असते.

कान शाबूत असलेल्या मधल्या वयाच्या लोकांचं वेगळं. त्यांना समजतं सगळं, पण उत्तर हिंदीत येतं. आदल्या दिवशी फोनवर वेळ ठरवताना माझ्याशी ऐसपैस मराठीत बोललेला, "तुम्ही इथल्याच का? बोलण्यावरनं मिरजेच्या वाटताय" असं म्हणालेला माणूस दुसऱ्या दिवशी दारातून आत येतो, माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "मॅडम किधर है?" मी मराठीत सांगते, मीच, बसा. मग तो वडिलांची सगळी तक्रार मोडक्यातोडक्या हिंदीत सांगतो. मी मराठीत विचारते, तो हिंदीत सांगतो. कधीकधी पूर्ण तपासणी अशी होते. शेवटी पैसे देताना एखाद्याच्या लक्षात येतं आणि तो मनापासून म्हणतो, "तुमचं मराठी फार छान आहे हो." त्याच्या चांगुलपणाबद्दल मला शंका नसते. पण माझ्या शेजारी बसणाऱ्या, माझ्याच शाळेत शिकलेल्या सहकारी बाईंना असं कुणी कधी म्हणत नाही. माझ्या भाषेकडे तिथेही परक्याने कमावलेलं कौशल्य म्हणूनच पाहिलं जातं.

माझ्या वडिलांशी आयुष्यभर क्वचितच कुणी मराठीत बोललं. त्यांना मराठी पुरेशी येत होती. रात्री चहाच्या गाड्यावर ते बोलायचेही. पण बाजारात ते हिंदीतच बोलत, नेपाळी वळणाच्या. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, तुम्ही दुकानदारांशी मराठी का बोलत नाही? ते म्हणाले, मराठीत बोललो तर ते दोनदा विचारतात, काय? काय? हिंदीत बोललो तर एकदाच ऐकतात. मला तेव्हा वाटलं, त्यांचे मराठी उच्चार चांगले नसतील. त्यांच्या त्या वाक्याचा पुरता उलगडा मला खूप पुढे, शिकून कामाला लागल्यावर झाला.

अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात डोनाल्ड रुबिन यांनी एक प्रयोग केला होता, 1992 मध्ये तो प्रसिद्ध झाला. परदेशातून आलेल्या शिकवणाऱ्यांचं इंग्रजी कळत नाही अशी तिथल्या विद्यार्थ्यांची तक्रार असायची. रुबिन यांनी एका व्याख्यानाची ध्वनिफीत तयार केली. आवाज ओहायोतल्या, इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या बाईंचा. काही विद्यार्थ्यांना ती ऐकवताना समोर गोऱ्या बाईंचा फोटो ठेवला, काहींना आशियाई बाईंचा. फीत तीच. तरीही आशियाई चेहरा पाहिलेल्या विद्यार्थ्यांना बोलण्यात परदेशी वळण ऐकू आलं, आणि व्याख्यान कितपत समजलं हे तपासल्यावर त्यांची समजही कमी भरली. नसलेलं वळण ऐकू आलं आणि असलेला मजकूर हुकला. मी ते वाचलं तेव्हा मला त्या विद्यार्थ्यांचा राग आला नाही. आपल्याला जे दिसत होतं ते खरंच होतं, एवढंच वाटलं, आणि हलकं वाटलं. तोवर माझा अर्धा जीव यात जायचा की दोष माझ्या जिभेत आहे. ओळखीचे लोकही सांगत, जरा स्पष्ट बोलत जा. स्पष्ट म्हणजे आणखी किती?

पण माझ्या वडिलांचं कोडं त्या प्रयोगाने सुटत नव्हतं. लोकांना चेहरा आवडत नाही म्हणून ते ऐकत नाहीत, एवढंच असतं तर वडिलांची हिंदीही लोकांना कळायला नको होती. ते उत्तर केव्हिन मॅकगोवन यांच्या 2015 मधल्या अभ्यासात मिळालं. त्यांनी खरोखरच चिनी वळणाचं इंग्रजी गोंगाटात मिसळून अमेरिकन लोकांना ऐकवलं. समोर चिनी चेहरा होता तेव्हा लोकांनी जास्त शब्द बरोबर ओळखले, गोरा चेहरा होता तेव्हा कमी. त्याच वर्षी व्हँकुव्हरमध्ये मॉली बेबल आणि जेमी रसेल यांनी उलट बाजू तपासली. कॅनडातच वाढलेल्या चिनी वंशाच्या लोकांचं अस्सल कॅनेडियन इंग्रजी, त्यांचा फोटो दिसताच ऐकणाऱ्यांना कमी समजलं. दोन्ही एकत्र ठेवले की माझ्या घराची गोष्ट स्पष्ट होते. चेहरा पाहताच ऐकणारा मनातल्या मनात एका ठरावीक बोलण्याची तयारी करतो. वडिलांचा चेहरा आणि त्यांची हिंदी एकमेकांना धरून होते, म्हणून त्यांचं अशुद्ध बोलणं सगळ्या बाजाराला सहज कळायचं. माझा चेहरा आणि माझी मिरजेची मराठी जुळत नाहीत, म्हणून माझं शुद्ध बोलणं अडतं.

ही तयारी किती झटपट होते याचाही अभ्यास झाला आहे. नेदरलँड्समध्ये 2008 मध्ये यॉस व्हान बेर्कम आणि सहकाऱ्यांनी लोकांना लहान मुलाच्या आवाजात असं काहीतरी ऐकवलं की मी रोज झोपण्यापूर्वी थोडी वाइन घेतो. खटकणारा शब्द सुरू झाल्यापासून 200 ते 300 मिलिसेकंदांत मेंदूच्या लहरींत फरक दिसला. म्हणजे आधी वाक्य समजून घेऊन मग ‘हे कोण म्हणतंय’ असा विचार होतो, असं नाही. कोण बोलतंय हे समजण्यातच मिसळलेलं असतं. जतच्या आजींनी मला नाकारलं नव्हतं. त्यांच्यापर्यंत मराठी पोचलीच नव्हती.

माझ्या कामात या गोष्टीची किंमत मोजावी लागते. शुद्ध स्वरांच्या चाचणीनंतर आम्ही शब्दांची चाचणी घेतो. पेशंट आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसतो, तपासणारा काचेपलीकडून माइकवर शब्द म्हणतो, पेशंट ते परत म्हणतो. किती बरोबर आले त्याची टक्केवारी निघते. ओठ वाचता येऊ नयेत म्हणून तोंडासमोर कागद धरायचा असतो. पण कागदाने ओठ झाकतात, डोळे आणि कपाळ झाकत नाहीत. शब्द ओळखण्याची टक्केवारी ऐकण्याच्या पातळीच्या मानाने फारच कमी आली, तर दोष मज्जातंतूत किंवा त्याच्याही पुढे असेल अशी शंका घ्यावी लागते. मग एमआरआय आला. शेतमजुराच्या घरात एमआरआय म्हणजे शेळी विकणं किंवा कर्ज काढणं. शिवाय त्याच टक्केवारीवरून आम्ही ठरवतो की श्रवणयंत्राचा उपयोग किती होईल. माझा चेहरा दिसल्यामुळे कुणाची टक्केवारी घसरली आणि कुणी सांगितलं, "मशीनचा काही फायदा नाही, पैसे घालवू नका," तर एक माणूस उरलेलं आयुष्य घरातल्या घरात एकटा पडतो.

म्हणून माझ्या खोलीत पेशंटची खुर्ची काचेकडे पाठ करून ठेवलेली असते आणि शब्द ध्वनिमुद्रित असतात. ध्वनिमुद्रण वापरावं असं पुस्तकांत फार आधीपासून लिहिलेलं आहे, कारण प्रत्यक्ष बोलण्यात आवाजाची पातळी प्रत्येक वेळी सारखी राहत नाही. पण गर्दीच्या दवाखान्यात वेळ वाचवायला बरेच जण माइकवरूनच बोलतात. मी जिथे जाते तिथे तरुण सहकाऱ्यांना सांगते की तुमचा चेहरा आणि तुमची भाषा पेशंटच्या अपेक्षेत बसत असेल, तर तुम्हाला हा फरक कधी दिसणार नाही. मिरजेच्या दवाखान्यांत केरळमधून आलेल्या कितीतरी नर्स आहेत, त्यांना हे सांगावं लागत नाही.

या सगळ्यात माझं मन सगळ्यात जास्त रमतं ते लहान मुलांत. दोन-तीन वर्षांची मुलं माझ्याकडे येतात, काहींना जन्मापासून ऐकू येत नाही, यंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट बसवल्यावर आवाज ओळखायला शिकतात. ती माझ्या मांडीवर बसतात, माझ्या गालाला हात लावून ‘म’ कसा घुमतो ते बघतात. मी कुठली आहे हा प्रश्न त्यांना पडत नाही. त्यांच्यासाठी मी जे बोलते तेच बोलणं. ऐकू येणाऱ्या बाळांचंही तसंच असतं, ती माणसाला बोलण्यावरून ओळखतात. कॅथरीन किन्झलर यांच्या 2007 मधल्या प्रयोगांत दहा महिन्यांची बाळं आपली भाषा बोलणाऱ्या बाईंनी पुढे केलेलं खेळणं घेणं पसंत करत होती. त्यांच्याच नंतरच्या एका अभ्यासात पाच वर्षांच्या गोऱ्या अमेरिकन मुलांना मित्र निवडायला सांगितलं, तेव्हा त्यांनी आपल्यासारखं बोलणाऱ्या काळ्या मुलाला परक्या वळणाने बोलणाऱ्या गोऱ्या मुलाच्या आधी निवडलं. बोलणं आपलं असलं की माणूस आपला.

हे कधीतरी उलटतं. किन्झलर आणि डॉटेल यांनी 2012 मध्ये मुलांना एका मुलाचा चेहरा दाखवून, त्याचा आवाज ऐकवून विचारलं होतं, हा मोठा होऊन यांपैकी कोण होईल? एका मोठ्या माणसाचा वर्ण जुळत होता, दुसऱ्याची भाषा. पाच-सहा वर्षांच्या गोऱ्या मुलांनी भाषा जुळणारा निवडला. नऊ-दहा वर्षांच्या मुलांनी वर्ण जुळणारा. पण त्याच अभ्यासातली पाच-सहा वर्षांची काळी मुलं तेव्हाच वर्ण जुळणारा माणूस निवडत होती. माझ्यासाठी त्या अभ्यासातला सगळ्यात जड भाग तो होता. आपल्या चेहऱ्याला जग काय समजतं हे ज्यांना लवकर कळावं लागतं, त्यांना ते लवकर कळतं.

मला चौथी-पाचवीच्या सुमाराला कळलं. बालवाडीत आणि पहिली-दुसरीत कुणी काही म्हटल्याचं आठवत नाही. मग मैत्रिणी विचारू लागल्या, तुझं खरं गाव कुठलं? शाळेच्या कार्यालयात माइक होता आणि प्रत्येक वर्गात कर्णा. सकाळी सुविचार आणि बातम्या वाचायला बाईंनी मला निवडलं. वर्षभर मी वाचत होते. शाळेतले सगळे मला ऐकत होते, पण वाचताना बघत कुणी नव्हतं. उच्चारांबद्दल एक शब्द कधी कानावर आला नाही. उलट वरच्या वर्गातले सर निरोप पाठवायचे, मुलगी खणखणीत वाचते. त्याच वर्षी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेला मला पाठवलं. बक्षीस मिळालं नाही, त्याचं काही नाही. परीक्षकांनी बोलावून समजावलं, "विषय चांगला मांडलास, फक्त उच्चार थोडे नेपाळी होतात, त्यावर मेहनत घे." बाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, ही रोज शाळेच्या बातम्या वाचते. आपण डोळे मिटून एकदा ऐकता का?" परीक्षकांना घाई होती, ते निघून गेले. घरी येताना बाईंनी मला सांगितलं की तुझ्या बोलण्यात काहीही बदलायचं नाही. मी काही बदललं नाही. त्यांचं मोठेपण मला आज जास्त कळतं.

मोठं झाल्यावर माणूस चेहऱ्यावरून ऐकण्याच्या या सवयीला आवर घालू शकतो. दोन-चार वाक्यं चुकली तरी पाचव्याला जुळवून घेतो. म्हातारपणी ते पुन्हा कठीण होतं, आणि इथे मला माझ्या पेशंटांची बाजू घ्यायची आहे. कानांकडून येणारा माल अपुरा पडू लागला की मन संदर्भावर, अंदाजावर जास्त भिस्त ठेवतं. ठेवावीच लागते, नाहीतर घरातलं साधं बोलणंही हाती लागणार नाही. चॅड रॉजर्स, लॅरी जेकोबी आणि मिचेल सॉमर्स यांनी 2012 मध्ये दाखवलं की संदर्भावरून एखादा शब्द येणार असं वाटत असेल, आणि प्रत्यक्षात दुसराच शब्द उच्चारला गेला असेल, तर वयस्कर माणसं तरुणांपेक्षा जास्त वेळा अपेक्षित शब्दच ऐकतात. आणि आपण तोच ऐकला याची त्यांना खात्रीही जास्त असते. जतच्या आजींचं ते ठाम "न्हाई रं" मला त्यात दिसतं.

याच्या दुसऱ्या टोकाचा अनुभव मला एका निवृत्त सुभेदारांनी दिला. चंदगडकडचे, मराठा लाइट इन्फंट्रीतले. आत येताच त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चेहरा फुलला आणि ते गोरखालीत, म्हणजे नेपाळीत, बोलू लागले. नोकरीत त्यांच्या शेजारी गोरखा पलटण असायची, तिथे शिकलेली भाषा. मी मराठीत विचारत होते, ते गोरखालीत उत्तर देत होते, आणि उत्तरं बहुतेक बरोबर होती. बाहेर जाऊन त्यांनी मुलाला सांगितलं की बाई माझ्याशी गोरखालीत बोलल्या. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी काही सांगितलं नाही. त्यांच्या ऐकण्यात माझ्या चेहऱ्याबद्दल प्रेम होतं, जुन्या सोबत्यांची आठवण होती, आणि तरीही मी बोलले ती भाषा त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. चेहऱ्याबद्दल आकस असेल तरच असं घडतं ही माझी समजूत त्या दिवशी पुरती गेली. दुसऱ्या भेटीत मी खुर्चीमागून बोलायला सुरुवात केली. ते दचकून वळले. "तुम्ही आमच्याकडच्या की हो!" असं म्हणाले, आणि त्यानंतर आम्ही मराठीत बोलतो.

2020 मध्ये करोनामुळे मुखपट्ट्या आल्या आणि माझ्या पेशंटांचे फार हाल झाले. ओठ दिसेनात, आवाज दबला. ईशान्य भारतातल्या लोकांना शहरांत रस्त्यावर काय काय ऐकावं लागतंय याच्या बातम्या तेव्हा येत होत्या. मलाही बाजारात एकदोनदा ऐकावं लागलं. मुखपट्टीने माझं तोंड झाकलं, आणि लोकांना दिसायला उरले ते फक्त डोळे.

त्या काळात पेशंट घरीच होते, म्हणून मी यंत्र नव्याने लावलेल्यांसाठी सरावाच्या ध्वनिफिती करून व्हॉट्सॲपवर पाठवू लागले. यंत्र लावलं की लगेच सगळं समजत नाही, कानाला पुन्हा सवय करावी लागते. म्हणून मी रोजचं बोलणं मुद्रित केलं. उसाची तोड कधी येणार, कृष्णेला पाणी किती चढलंय, भाकरीचं पीठ जाडं का आलं, असं. घाईने नाही, पण ओढूनताणून हळूही नाही. लोक ते ऐकायचे, शेजारच्यांना ऐकवायचे. टाळेबंदी उठल्यावर पेशंट पुन्हा येऊ लागले, तेव्हा एक फरक दिसला. ज्यांनी माझा आवाज आधी बरेच दिवस ऐकला होता, त्यांना समोर बसूनही माझं बोलणं पहिल्या वाक्यापासून कळत होतं. कवठेमहांकाळच्या एक काकू दारात थबकल्या, म्हणाल्या, "ती भाकरीवाली बाई तूच व्हय?" आणि लगेच तक्रार सांगायला बसल्या, मराठीत.

आता नवीन पेशंटने नाव नोंदवलं की त्याच्या घरच्यांच्या फोनवर मी दोन फिती आधीच पाठवते. सगळे ऐकून येतात असं नाही. जे ऐकत नाहीत त्यांच्याशी मी पहिली काही मिनिटं तपासणीबद्दल बोलतच नाही; एसटी कुठल्या फाट्यावर मिळाली, पाऊस कसा आहे, एवढंच विचारते, शक्य असेल तर खुर्चीच्या मागे उभं राहून. कान रुळला की समोर येऊन बसते. यात वेळ जातो, बाहेर रांग वाढते, आणि सहकारी कधीकधी विचारतात की हे दरवेळी तूच का करायचं. मला तो प्रश्न योग्य वाटतो. ऐकणाऱ्यानेही काही करायला हवं, विशेषतः ज्याचे कान धडधाकट आहेत त्याने. म्हणून पेशंटबरोबर आलेला मुलगा माझ्याशी हिंदीत बोलू लागला, की मी त्याला थांबवून सांगते, "दादा, मराठीत बोला. तुमचे वडील ऐकतायत. तुम्ही माझ्याशी हिंदीत बोललात, तर त्यांना माझी मराठीही हिंदीच ऐकू येईल."

बहुतेक जण त्यावर हो म्हणतात आणि मराठीत बोलू लागतात.